टीममध्ये दिव्यांग सहकारी येतोय, मॅनेजरने नेमकं काय शिकायचं? तुमचे प्रश्न आणि माझी उत्तरं

मी गेली काही वर्षं मुंबईतल्या ऑफिसांमध्ये, दिव्यांग सहकाऱ्यांसोबत काम कसं करायचं यावर, मॅनेजर लोकांची ट्रेनिंग घेते. मागच्या वेळी त्यावर लिहिलं होतं, तर बरेच प्रश्न आले. सारखे सारखे येणारे प्रश्न एकत्र करून इथे घेतलेत.

प्रश्न : मी लोअर परळच्या एका कंपनीत एचआरला आहे. चाळीसेक मॅनेजरसाठी एक दिवसाचं ट्रेनिंग ठरवतोय. एजन्सीने डोळ्यांवर पट्टी बांधून चालायचं आणि व्हीलचेअरची रेस असे खेळ सुचवलेत, म्हणतात लोकांना जाणीव होते. ठेवू का?

नका ठेवू, अगदी मनापासून सांगते. पट्टी बांधून दहा मिनिटं चाललं की माणसाला फक्त पहिल्या दहा मिनिटांची घाबरगुंडी कळते. माझी मोठी बहीण जन्मापासून अंध आहे, ती रोज पांढरी काठी घेऊन लोकलने जाते, कुठल्या स्टेशनला प्लॅटफॉर्म कुठल्या बाजूला येतो हे तिला तोंडपाठ आहे, दादरच्या पुलावर गर्दीत माझाच हात धरून ती मला पुढे काढते. हे सगळं तिने वर्षानुवर्षं शिकून कमावलंय. पट्टी बांधलेल्या मॅनेजरकडे यातलं काहीच नसतं, तो दोनदा टेबलाला धडकतो, पट्टी सोडतो आणि मनात म्हणतो बापरे हे लोक जगतात तरी कसे, आणि मग सोमवारी त्याच दयेपोटी अंध सहकाऱ्याला हलकंफुलकं काम देतो.

बहिणीचं नेमकं हेच झालं. बँकेची परीक्षा सगळ्यांसारखीच पास झालेली, तरी पहिली दोन वर्षं काम काय तर फोन घ्यायचा आणि जोडून द्यायचा. साहेब स्वभावाने चांगले होते हो, रोज विचारपूस करायचे, डब्यातलं द्यायचे, पण फाइल काही द्यायचे नाहीत. ती घरी येऊन म्हणायची, माझं डोकं गंजतंय गं.

त्याऐवजी हे करा. प्रत्येक मॅनेजरला त्याने स्वतः गेल्या आठवड्यात पाठवलेली एक मेल, एक पीपीटी आणि एक पीडीएफ आणायला सांगा. एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं सगळं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, फुकट मिळतो, तो लॅपटॉपवर टाका, स्क्रीन काळी करा आणि ती फाइल नुसती ऐकायला लावा. स्कॅन केलेलं सर्क्युलर म्हणजे कॉम्प्युटरसाठी नुसता फोटो, ते आलं की आवाज गप्प होतो. मेलमध्ये 'लाल रंगातल्या एन्ट्री आधी तपासा' असं असतं, तर कुठल्या लाल तेच समजत नाही. पीपीटीतल्या चार्टला आल्ट टेक्स्ट, म्हणजे चित्रात काय आहे ते सांगणारं लपलेलं वर्णन, नसलं की 'ग्राफिक, ग्राफिक' एवढंच ऐकू येतं. माझ्या सेशनमध्ये या वेळेला हॉल शांत होतो आणि कोणीतरी म्हणतं, मॅडम ही तर माझीच फाइल आहे. तिथून पुढे शिकवणं सोपं जातं, कारण फाइल नीट करणं त्याच्या हातात असतं आणि अर्ध्या तासात जमतं.

अजून एक, शिकवायला दिव्यांग ट्रेनरच बोलवा आणि त्याला इतर ट्रेनरइतकी फी द्या, शाल-श्रीफळ देऊन पाठवू नका. माणसं शोधायची तर अंधांसाठी काम करणारी वरळीची नॅब आहे, कर्णबधिरांसाठीची वांद्रे रेक्लमेशनची अली यावर जंग संस्था आहे, झेवियर्स कॉलेजमधलं दृष्टिहीनांसाठीचं केंद्र एक्सआरसीव्हीसी आहे, तिथे विचारा. आणि एका दिवसावर थांबू नका, तीन महिन्यांनी त्याच लोकांना तासभर परत बसवा, तोपर्यंत त्यांच्याकडे खरे प्रश्न जमलेले असतात.

प्रश्न : अंधेरी एमआयडीसीत टीम लीड आहे. पुढच्या महिन्यात डेटा टीममध्ये एक कर्णबधिर मुलगी जॉइन होतेय. तिच्याशी मोठ्याने आणि सावकाश बोलायचं का? मीटिंगचं काय करू?

मोठ्याने तर अजिबात नको, ओरडताना ओठांचा आकार बदलतो आणि ओठ वाचणाऱ्याला जास्तच कठीण जातं. तसंही ओठांवरून सगळं कळत नाही. आरशासमोर उभं राहून आवाज न काढता 'पार, बार, मार' म्हणून बघा, तिन्ही सारखेच दिसतील.

पहिल्या दिवशी तिलाच विचारा, तुला कसं सोयीचं पडेल. कोणी सांकेतिक भाषा वापरतं, कोणी श्रवणयंत्र लावून ऐकतं, कोणाला टाइप केलेलंच बरं वाटतं, आधीच्या ऑफिसातल्या कर्णबधिर मुलाला जे चाललं ते हिला चालेलच असं नाही. ती सांकेतिक भाषेत वाढली असेल तर एक गोष्ट टीमला आधीच सांगून ठेवा. भारतीय सांकेतिक भाषेचं व्याकरण वेगळं आहे, मराठी किंवा इंग्लिश ही तिची दुसरी भाषा, त्यामुळे मेलमधलं वाक्य थोडं उलटसुलट येऊ शकतं, त्यावरून तिची हुशारी मोजू नका.

मीटिंगचं म्हणाल तर आपल्याकडे एका वाक्यात मराठी, हिंदी आणि इंग्लिश अशी खिचडी असते, तिथे ऑटो कॅप्शनची, म्हणजे बोलणं आपोआप अक्षरांत दाखवणाऱ्या सोयीची, पार वाट लागते. म्हणून मीटिंगपुरती एक भाषा ठरवा, एका वेळी एकानेच बोलायचं, आणि जो निर्णय होईल तो लगेच तिथल्या तिथे चॅटमध्ये टाइप करायचा. खिडकीकडे पाठ करून बसू नका, तुमचा चेहरा अंधारात जातो. सांकेतिक भाषेचा इंटरप्रिटर (दुभाषी) बोलावला असेल तरी बघायचं तिच्याकडे, इंटरप्रिटरकडे नाही. फायर अलार्मसोबत लुकलुकणारा दिवा आहे का ते आजच ॲडमिनला विचारा.

आणि टपरी! खरे निर्णय खाली चहाच्या टपरीवर होतात हे आपल्या सगळ्यांना माहितीये. तिथे सगळे हसले आणि तिने काय झालं विचारलं की 'काही नाही गं, नंतर सांगतो' हे वाक्य कोणीही म्हणायचं नाही, कारण ते नंतर कधीच येत नाही. मी ज्या ज्या कर्णबधिर लोकांसोबत काम केलं त्यांना सगळ्यात जास्त हेच लागतं.

प्रश्न : ऑफिस साकीनाक्याला. टीममधला एकजण पोलिओमुळे पायाला कॅलिपर (आधाराची पट्टी) लावतो, अंबरनाथहून येतो. त्याला मी ११ ते ८ टायमिंग दिलंय. बाकीचे म्हणतात, त्याला सूट मग आम्हाला का नाही?

तो येतो कसा हे आधी डोळ्यासमोर आणा. लोकलला दिव्यांगांचा डबा असतो, पण गर्दीच्या वेळेला त्यात भलतेच लोक घुसलेले असतात, मग घाटकोपरला उतरून मेट्रोपर्यंतची धक्काबुक्की, पावसाळ्यात त्याच ओल्या पायऱ्या कॅलिपर लावून. ११ ची वेळ दिल्यावर तो तुमच्यापेक्षा कमी काम करतो का? नाही ना, तो आठपर्यंत बसतो. मग ही सूट कसली, वेळ फक्त सरकवलीये. दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात याला रिझनेबल अकोमोडेशन म्हणतात, म्हणजे मालकावर अवाजवी बोजा न पडता त्या माणसाला लागेल ती सोय करून देणं, आणि ती नाकारणं हे भेदभावातच मोजलंय.

टीमला उत्तर देताना त्याच्या पायाबद्दल एक शब्दही काढू नका, ते सांगायचं की नाही हे तो ठरवेल. तुम्ही एवढंच म्हणा की ज्याला कामाच्या वेळेची खरी अडचण आहे त्याने माझ्याकडे या, आपण बघू. आणि खरंच बघा. लहान मूल असलेली बाई असेल, कोणाच्या घरी आजारी आई असेल. माझा अनुभव असा की अशा तक्रारीमागे बऱ्याचदा साडेनऊच्या पंचिंगचाच वैताग असतो, राग निघतो दिव्यांग माणसावर.

प्रश्न : वसईला माझं छोटं युनिट आहे, २६ माणसं. दिव्यांगांचा हा कायदा आम्हाला लागतो का? खर्च किती येईल?

लागतो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे, १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला, आधीच्या १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते ते आता २१ झालेत. नोकरीत ४ टक्के आरक्षण आहे ते सरकारी आस्थापनांना. खासगीला सक्ती नाही, तिथे ५ टक्के दिव्यांग कर्मचारी घेणाऱ्यांना सरकारने प्रोत्साहन द्यावं असं कलम आहे. पण समान संधी धोरण तुम्हालाही करावं लागतं. २० किंवा जास्त माणसं असतील तर त्यात दिव्यांगांना योग्य अशी पदं, निवडीची पद्धत, ट्रेनिंग, सोयी आणि हे सगळं बघणारा लायझन ऑफिसर, एवढं लिहायचं आणि त्याची प्रत राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे नोंदवायची. कायदा मोडला तर पहिल्यांदा १०,००० रुपयांपर्यंत दंड, पुढे ५०,००० ते ५ लाख.

खर्चाची भीती मात्र लोक उगाच घेतात. रॅम्पचा हिशोब सोपा आहे, एक इंच उंचीला बारा इंच लांबी, म्हणजे दारात सहा इंचाची पायरी असेल तर सहा फुटाचा रॅम्प, गवंड्याचं काम आहे. फक्त त्याला हा हिशोब लिहून द्या, नाहीतर तो घसरगुंडी करून ठेवतो.

प्रश्न : अप्रेजल करताना खूप अवघडल्यासारखं होतं. आमच्या दिव्यांग सहकाऱ्याच्या कामात चुका आहेत पण सांगायला जीभ रेटत नाही.

सांगा. बाकीच्यांना सांगता तसंच, तितक्याच लवकर. दरवर्षी 'छान चाललंय' म्हणून सरासरी रेटिंग द्यायचं आणि प्रमोशनच्या यादीत नाव घ्यायचं नाही, यासारखं नुकसान दुसरं नाही, कारण त्या माणसाला आपलं काय चुकतंय हे कळायची संधीच मिळत नाही. फक्त बोलायच्या आधी स्वतःला एक विचारा, त्याला लागणारं सॉफ्टवेअर, फाइल, वेळ हे सगळं मिळालं होतं का? नसेल तर आधी ते द्या, मग काम मोजा. बहिणीच्या ब्रँचला तिसऱ्या वर्षी नवीन मॅनेजर बाई आल्या, त्यांनी तिला स्क्रीन रीडर मिळवून दिला, लोनच्या फाइली दिल्या आणि पंधराव्या दिवशी चुकीबद्दल चांगलंच झापलं. त्या संध्याकाळी ती जितकी खुशीत होती तितकी मी तिला त्या नोकरीत आधी कधीच पाहिली नव्हती.

प्रश्न : टीममधल्या एकीने मला एकटीला सांगितलं की तिला बायपोलर (मनःस्थितीत टोकाचे चढउतार होणारा मानसिक आजार) आहे, औषधं चालू आहेत. एचआरला कळवू का?

तिला विचारल्याशिवाय नको. दीर्घ काळचा गंभीर मानसिक आजारही त्या २१ प्रकारांत येतो, पण तो उघड करायचा की नाही हा सर्वस्वी तिचा निर्णय. तिने विश्वासाने सांगितलंय, तर आधी विचारा, तुला कामात काय बदल हवाय? कदाचित सकाळच्या औषधाने सुस्ती येत असेल, नाईट शिफ्ट नको असेल. जे तुमच्या अधिकारात आहे ते लगेच करा. एचआरची मंजुरी लागणार असेल तर काय लिहायचं ते तिच्यासोबत बसून ठरवा, मेलमध्ये फक्त हवी ती सोय लिहा, आजाराचं नाव नाही, आणि पाठवायच्या आधी तिला वाचायला द्या.