विचारा बिनधास्त : 24 एचपीला रोटर किती फुटी?

प्रश्न : नमस्कार अण्णा, आमचं गाव निपाणी तालुक्यात वेदगंगेच्या काठाला, साडेतीन एकर रान, त्यात दोन एकर ऊस, बाकी सोयाबीन आणि थोडा तंबाखू. दिवाळीत 24 एचपीचा फोर बाय फोर मिनी ट्रॅक्टर घेतलाय, आता रोटर, म्हणजे रोटाव्हेटर, घ्यायचाय. दुकानदार म्हणतोय चार फुटी न्या, आरामात ओढतोय. आमचे चुलते म्हणतात घ्यायचाच तर पाच फुटी घे, चार लोकांचं भाडं पण मारता येईल. शेजाऱ्याकडं तीन फुटी आहे, तो चाकाचा माग राहतोय म्हणून वैतागलाय. आम्हाला उसाच्या सरीत पण चालवायचाय. नेमका कुठला घेऊ?

उत्तर : चुलत्यांना माझा नमस्कार सांगा, पण पाच फुटी घेऊ नका.

बॉनेटवर 24 लिहिलंय ते इंजिनचे एचपी, रोटर फिरतोय पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर, आणि तिथवर येईस्तोवर दोन-तीन एचपी गिअरातच जिरतात. म्हणजे पात्याला मिळणार 21-22. आमच्याकडं गॅरेजात ढोबळ हिशेब धरतात तो इंजिनच्या एचपीवर, फुटाला सहा ते सात. 35 ला पाच फुटी लावलेला दिसतोय तो ह्याच हिशेबानं. रान तांबडं, भुसभुशीत असेल तर सहानं भागा, काळं चिकट असेल तर सातनं. 24 ला सहानं भागलं की चार फूट येतंय, सातनं भागलं की साडेतीनच्या जरा खालीच येतंय. तुमचं रान नदीकाठचं काळं, त्यात उसाची खोडकी फोडायची म्हणजे सात धरूनच चालायचं. दुकानदार खोटं बोलत नाही हो, चार फुटी ओढतोयच, खानापूरच्या तांबड्या मातीत मजेत ओढेल, पण तुमच्या रानात जरा ओल राहिली की इंजिन गुरगुरायला लागणार, काळा धूर टाकणार आणि तुम्ही गिअर खाली टाकत बसणार.

आता भाड्याचं बघू, कारण पाच फुटी म्हणजे काम लवकर असं सगळ्यांना वाटतंय आणि तिथंच फसतात. साडेतीन फुटी रोटर म्हणजे 107 सेंटीमीटर, ताशी अडीच किलोमीटरनं चालवला तर तासाला साधारण 26 गुंठे होतंय, वळणावळणात आणि पट्टे एकमेकांवर चढवण्यात पाचवा हिस्सा गेला तरी 21 गुंठे हातात राहतंय, म्हणजे एकराला दोन तास. पाच फुटी ह्याच ट्रॅक्टरला लावला की दीड किलोमीटरच्या वर स्पीड घेता येत नाही, हिशेब मांडा, 23 गुंठ्याच्या आतच येतंय आणि वळणं धरली की 18. जास्त पैसे घालून कमी काम, वर डिझेल आणि क्लच प्लेट वेगळीच.

शेजाऱ्याचं दुखणं मात्र खरं आहे. रोटर चाकापेक्षा अरुंद असला की मागच्या टायरनं दाबलेला पट्टा तसाच राहतोय, पेरणीला तिथं बी वर पडतंय. म्हणून दुकानात जायच्या आधी टेप घ्या, ट्रॅक्टर सपाटीला लावा आणि मागच्या दोन्ही टायरच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजा. 42 इंच किंवा कमी भरलं तर साडेतीन फुटी फिट, माग राहायचा प्रश्न नाही. 46-48 भरलं तर बऱ्याच मिनी ट्रॅक्टरला रिम उलटी करून चाकं आत घेता येतात, मेकॅनिकला विचारा, अर्ध्या दिवसाचं काम आहे. तेही जमत नसेल तर रोटर मधोमध न लावता एका बाजूला सरकवून लावायचा, म्हणजे एका चाकाचा माग लगेच पुसतोय आणि दुसऱ्याचा पुढच्या फेरीत. शेजाऱ्याला हे सांगा, नवा रोटर न घेता भागेल त्याचं.

आणि दुकानात गेल्यावर टेप खिशातच ठेवू नका. ह्या टोकाच्या पात्यापासून त्या टोकाच्या पात्यापर्यंत, तेवढंच मोजायचं. काही ठिकाणी बाजूच्या गिअर केसपासून सगळी बॉडी मोजून साडेतीन फूट म्हणतात, आणि माती कापणारा भाग भरतोय तीन फूट चार इंच.

लिफ्टचं, म्हणजे रोटर उचलणाऱ्या हायड्रॉलिकचं, पण बघा. तुमच्या ताकदीच्या बऱ्याच ट्रॅक्टरला 750 किलो लिफ्ट लिहिलेली असते, पण ती लिंकच्या टोकाला मोजलेली, रोटरचा भार त्याच्या मागं दीड-दोन फूट लोंबतोय. त्यात त्याच फुटात एक हलका मिनी मॉडेल असतोय आणि एक मोठ्या ट्रॅक्टरवाल्यांचा भारी मॉडेल, तुम्ही हलकाच घ्या. आमच्या आत्याच्या पोरानं 22 एचपीला साडेचार फुटी भारी रोटर लावला होता, स्वस्तात जुना मिळाला म्हणून. पहिल्याच दिवशी बांध चढताना रोटर उचलला आणि पुढची चाकं वीतभर वर, स्टेअरिंग फिरवतोय तर ट्रॅक्टर सरळच चाललाय! पोरगं क्लच दाबून कसंबसं उतरलं, खाली पाट होता म्हणून वाचलं. नंतर पुढं वजनं टाकली, मग टायर झिजायला लागले. शेवटी विकला तो रोटर, घेतला त्याच्याहून कमीत.

राहिला ऊस. इथं मी जरा नाराज करणार तुम्हाला. चार फुटी सरीत 42 इंची ट्रॅक्टर घालायचा म्हणजे दोन्ही बाजूला तीन-तीन इंच उरतंय, ऊस गुडघ्याला आला की टायर फुटव्यावरून जाणार. तुमची लागण पाच फुटी सरीची असेल तरच ह्या ट्रॅक्टरनं आंतरमशागत होईल, तीही भरणीच्या आधीपर्यंत. चार फुटी सरीला पॉवर टिलर नाहीतर बैलाचा कुळवच बरा. सरीसाठी म्हणून तीन फुटी घेतला तर बाकी रानात शेजाऱ्यासारखंच व्हायचं. तेव्हा साडेतीन फुटी, गिअर ड्राइव्ह, एल टाइप, म्हणजे एल अक्षरासारखी वाकलेली पाती. चेन ड्राइव्ह थोडा स्वस्त पडतोय, पण खोडक्यात चेन लवकर सैल होते.

फक्त एक, दरवर्षी नुसता रोटरच मारत बसू नका. वरची चार-पाच इंच माती पिठासारखी दिसते, बघायला झकास, आणि त्याच्या खाली थर घट्ट बसतोय, मग पावसाळ्यात पाणी मुरत नाही. दोन-तीन वर्षातनं एकदा मोठा ट्रॅक्टर भाड्यानं बोलवून खोल नांगरट करून घ्या.

प्रश्न : खानापूर तालुक्यात आमचं भाताचं रान आहे, ट्रॅक्टर 27 एचपी. चिखलणीला चार फुटी चालेल काय? आणि गेल्या वर्षी भाड्याच्या रोटरचं बेअरिंग आमच्याच रानात गेलं, रोटरवाल्यानं आमच्याकडनंच पैसे मागितले.

उत्तर : चालेल, बिनधास्त घ्या. पाणी सोडलेल्या मातीत पात्याला जोर कमी लागतोय, तुमची अडचण ताकदीची नाही, चाक रुतायची आहे, म्हणून हलका बघा. बेअरिंगचं म्हणाल तर चिखलात सील फाटलं की पाणी आत जातंय. काम झाल्यावर रोटर धुवा, सीलजवळ गुंडाळलेलं गवत आणि तार चाकूनं कापून काढा, दोन दिवसांनी गिअर बॉक्सचा प्लग उघडून 90 नंबरचं ऑइल बघा, दुधाळ चहासारखं दिसलं तर पाणी गेलंय, लगेच बदला. ज्याचा रोटर त्यानं हे बघायचं असतंय, त्यामुळं पैसे तुम्ही का द्यायचे ते मला तरी कळत नाही.

प्रश्न : चिकोडीहून विचारतोय, कोल्हापूर बाजूला रोटर स्वस्त मिळतोय म्हणतात. तिकडनं आणला तर सबसिडी मिळेल का?

उत्तर : नाही. सबसिडी कर्नाटक सरकारची, तुमच्या होबळीच्या, म्हणजे तालुक्याखालच्या महसूल विभागाच्या, रयत संपर्क केंद्रातनं अर्ज करायचा, आणि त्यांच्या यादीतल्या कंपनीचा, यादीतल्या डीलरकडनंच घ्यायचा. साधारण गटाला 50 टक्के, एससी-एसटीला 90 टक्के, दोन्हीला वरची मर्यादा आहे. एफआयडी म्हणजे शेतकरी नोंदणीचा नंबर, आरटीसी म्हणजे जमिनीचा उतारा, आधार, बँक पासबुक घेऊन जा, आरटीसीवर अजून आजोबांचं नाव असेल तर ते आधी मिटवा, आपल्याकडची निम्मी प्रकरणं तिथंच अडकतात. अर्ज कन्नडमध्ये असतोय, घरात कन्नड शाळेला गेलेलं पोर असेल तर त्याला सोबत न्या. आणि आधी रोटर घेऊन मग बिल दाखवायचं असं करू नका, मंजुरी आधी.

सबसिडीच्या रांगेत थांबायचं नसेल तर तिकडनं आणा खुशाल, 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटी 12 चा 5 टक्के झालाय, तो दोन्हीकडं सारखाच. मात्र रोटर बिघडला की इथला डीलर म्हणतोय, जिथनं घेतला तिथं न्या. पाती, शाफ्टचा क्रॉस, सील चिकोडीत मिळतंय का ते विचारून मगच टेम्पो ठरवा.