'सेफगार्डिंग'ला 'सुरक्षा' म्हणावे का?

प्रश्न असा आहे: मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेची नियमावली मराठीत करायची आहे. 'सेफगार्डिंग'ला, म्हणजे संस्थेच्या संपर्कातल्या मुलांना शोषणापासून आणि इजेपासून जपण्याला, 'सुरक्षा' चालेल का, आणि ते सगळ्या धोरणांत 'अंतर्भूत करणे' असे लिहावे का?

'सुरक्षा' नको. या शब्दाने फाटकावरचा रखवालदार आणि सीसीटीव्ही डोळ्यांपुढे येतात. मुलाला धोका मात्र बहुतेक वेळा ओळखीच्याच माणसाकडून असतो. 'बालसंरक्षण' वापरा. जिल्हा बाल संरक्षण कक्ष, गावातली बाल संरक्षण समिती यांमुळे तो शब्द अंगणवाडीपर्यंत पोचलेला आहे. संस्था वृद्धांसाठीही काम करत असेल तर 'शोषणापासून संरक्षण' असे कशापासून ते सांगूनच लिहावे.

'अंतर्भूत' व्याकरणाने बरोबर आहे. पण त्यामुळे होते काय, की प्रत्येक कागदात एकच वाक्य चिकटवले जाते: 'बालसंरक्षणाची योग्य ती काळजी घेण्यात येईल.' माझी खरी हरकत या 'घेण्यात येईल'ला आहे. घेणार कोण? सरकारी मराठीने आपल्याला कर्ता गाळायची सवय लावली आहे आणि इथे ती मुलांच्या जिवावर बेतू शकते. भरतीच्या नियमांत सरळ लिहा: 'रुजू होण्याआधी प्रत्येकाची पोलीस पडताळणी कार्यालयप्रमुख करून घेतील, कंत्राटी चालक आणि स्वयंपाकीही यात आले.' पोक्सोच्या (मुलांचे लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण करणाऱ्या कायद्याच्या) 2020 च्या नियमांना कंत्राटी माणसांसह सगळ्यांची ठरावीक काळाने पडताळणी हवी आहे, म्हणून ती पुन्हा कधी होणार तेही त्याच ओळीत यावे. सहलीच्या नियमांत मुक्कामी मुलांच्या खोल्यांची जबाबदारी कोणाची, ते पदासह यावे.

क्रियापदाकडेही लक्ष हवे. 'गैरप्रकार आढळल्यास कळवावे' हे सल्ल्यासारखे वाचले जाते. पोक्सोच्या कलम 19 प्रमाणे गुन्ह्याची माहिती किंवा शंका असलेल्या कोणालाही पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम 21 खाली शिक्षा आहे आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला ती एक वर्षापर्यंत होऊ शकते. म्हणून 'कळवलेच पाहिजे' असे लिहा आणि पुढे जोडा: 'वरिष्ठांच्या परवानगीची वाट पाहू नये.' ही पुस्ती मी आग्रहाने सुचवतो, कारण 'आधी साहेबांना विचारू' इथेच बहुतेक प्रकरणे अडतात.

बालमदतीचा 1098 हा क्रमांक परिशिष्टात न टाकता याच वाक्याखाली द्या.