नाशिकच्या कॉलेजातल्या विद्यार्थी परिषदेला काही अधिकार असतात का? सी.आर. (वर्ग प्रतिनिधी) व्हावं का?

तुम्ही लिहिलंय की एफ.वाय.ला नाशिकच्या कॉलेजात प्रवेश घेतलाय, वर्गातून सी.आर. व्हायला कुणी तयार नाही आणि विद्यापीठ तर दोनशे किलोमीटरवर पुण्यात, मग या परिषदेचा उपयोग काय? मी नाशिकमध्येच बी.एस्सी. केलं आणि एस.वाय.ला असताना परिषदेवर होते. माझं उत्तर आहे, नक्की व्हा. पण परिषदेतली कोणती खुर्ची खरी महत्त्वाची, ते आधी समजून घ्या. तेच बहुतेकांना कुणी सांगत नाही.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा कारभार पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक अशा तीन जिल्ह्यांवर चालतो. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 प्रमाणे प्रत्येक कॉलेजात विद्यार्थी परिषद असते. तिच्यात अध्यक्ष, सचिव, एक महिला प्रतिनिधी, राखीव प्रवर्गांतून आळीपाळीने एक प्रतिनिधी आणि प्रत्येक वर्गाचा सी.आर., हे सगळे निवडून आलेले. शिवाय एन.एस.एस., एन.सी.सी., खेळ आणि सांस्कृतिक विभागातून प्राचार्य एकेक विद्यार्थी नेमतात. कॉलेजांच्या या पदाधिकाऱ्यांमधून पुढे विद्यापीठाची विद्यार्थी परिषद बनते आणि तिचे अध्यक्ष व सचिव अधिसभेत, म्हणजे सिनेटमध्ये बसतात. विद्यापीठाचं अंदाजपत्रक तिथेच मांडलं जातं.

आता निवडणुकीचं. आधी राज्यात कॉलेजच्या निवडणुका खुल्या होत्या. मारामाऱ्या झाल्या, मुंबईत तर एका विद्यार्थ्याचा जीव गेला. मग 1994 च्या कायद्याने मतदान बंद करून गुणवत्तेवर नेमणूक आणली. वर्गात पहिला येईल तो परिषदेवर. मी अशीच आले. एफ.वाय.ला मार्क जास्त होते एवढ्यावर माझं नाव लागलं, मला कुणी विचारलंही नव्हतं. 2016 च्या कायद्याने थेट मतदान परत आणलं. 2019 मध्ये निवडणुकीचं वेळापत्रकही निघालं, पण विधानसभा निवडणुकीमुळे ते पुढे ढकललं गेलं आणि नंतर कोरोना आला. मतदान होईल तेव्हा लिंगडोह समितीचे, म्हणजे विद्यार्थी निवडणुकांसाठी नेमलेल्या समितीचे, नियम माहीत असू द्या. उमेदवाराला 5,000 रुपयांच्या वर खर्च करता येत नाही, 75 टक्के हजेरी लागते, बॅकलॉग चालत नाही आणि छापील पोस्टर लावता येत नाहीत, हाताने केलेलेच चालतात. खिशात पैसे नसलेल्या मुलामुलींनाही उभं राहता यावं, यासाठी हे नियम मला फार मोलाचे वाटतात.

माझ्या वर्षी जे झालं ते सांगते, त्यावरून परिषद कशी वापरायची ते कळेल. आमच्या वर्गात नाशिक जिल्ह्यातल्याच पेठ आणि हरसूलकडून रोज एसटीने येणाऱ्या मुली होत्या. रसायनशास्त्राचं प्रॅक्टिकल दुपारच्या बॅचला, संपायला साडेपाच. पुढे सीबीएस बसस्थानक गाठून गाडी पकडायची, कोटंबी घाट अंधारात आणि गावच्या फाट्यापासून चालत घर. दोघी जणी प्रॅक्टिकल अर्धं टाकून निघायच्या आणि त्यांचे जर्नलचे मार्क जायचे. मी परिषदेच्या पहिल्या बैठकीत हे तोंडी मांडलं. सरांनी ऐकून घेतलं, ‘बघू’ म्हणाले आणि विषय गॅदरिंगकडे वळला. पुढच्या बैठकीत मागचं इतिवृत्त वाचलं तर त्यात माझं वाक्यच नव्हतं. त्या दिवशी मला खूप वाईट वाटलं, कारण त्या मुलींना मी ‘झालं समजा’ असं सांगून आले होते.

मग आम्ही कागद केला. प्रत्येकीचं नाव, गाव, गाडीची वेळ, घरी पोहोचायची वेळ. खाली सगळ्या वर्गाच्या सह्या, नाशिकमध्ये राहणाऱ्यांच्यासुद्धा. अर्ज ऑफिसात देऊन आवक क्रमांक घेतला आणि बैठकीत तो क्रमांक वाचून दाखवला. या वेळी इतिवृत्तात नोंद झाली. दिवाळीनंतर त्या मुलींना सकाळच्या बॅचमध्ये घेतलं. मागणी तीच होती, माणसंही तीच. बदललं होतं ते एवढंच की आता उत्तर देणं भाग होतं.

आज तुमच्या हातात याहून जास्त आहे. नव्या कायद्यात प्रत्येक कॉलेजला महाविद्यालय विकास समिती आहे. तिच्यात संस्थेचे अध्यक्ष, सचिव, प्राचार्य, निवडून आलेले शिक्षक यांच्यासोबत विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष आणि सचिवही सदस्य असतात. वर्षातून किमान चार बैठका व्हायलाच हव्यात. कॉलेजचा विकास आराखडा तिथे तयार होतो, आणि अंदाजपत्रकही तिथे तयार होऊन संस्थेकडे मंजुरीला जातं. मी म्हणते ती खुर्ची हीच. गॅदरिंगला पाहुणा कोण बोलवायचा यावर मुलं भांडतात, आणि वाचनालयाला किती पैसे, मुलींच्या कॉमन रूमचं काय, हे ठरतं त्या बैठकीत आपलं माणूस गप्प बसून येतं. असं होऊ देऊ नका. सी.आर. झालात की अध्यक्ष-सचिवांना बैठकीआधी भेटा, विषय लेखी द्या, बैठकीनंतर इतिवृत्त मागा.

एकट्याची तक्रार असेल, म्हणजे कागदपत्रं अडवली, फी परत देत नाहीत, तर परिषदेची वाट पाहू नका. यू.जी.सी.च्या 2023 च्या नियमांप्रमाणे विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते, तिने 15 कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. निर्णय पटला नाही तर पुढच्या 15 दिवसांत लोकपालांकडे, म्हणजे विद्यापीठाने विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अपील करता येतं.

पुण्याच्या अंतराचं म्हणाल तर पदवी मिळाल्यावर नोंदणीकृत पदवीधर म्हणून विद्यापीठाच्या मतदारयादीत नाव घाला. अधिसभेच्या 10 जागा पदवीधरांच्या मतांवर भरतात, त्यातल्या पाच राखीव. 2022 मध्ये मी मत दिलं ते नाशिकमध्येच, त्यासाठी पुण्याला जावं लागलं नाही. आमच्या बॅचमधल्या त्या पेठच्या दोघींपैकी एकीचं नावही त्या यादीत होतं.