ए-टू पास आहात ना? मग बी-वनचे पैसे एवढ्यात भरू नका

तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही. पोर्तुगालमधल्या पोर्तोत नोकरी, पोर्तुगीज भाषेच्या ए-टू पातळीचं (बी-वनच्या आधीची पायरी) प्रमाणपत्र हातात, ऑफिसात सगळे गोड बोलतात पण इंग्रजीत, आणि शनिवार-रविवार घरात एकट्याने. वर भाषाशाळा म्हणते, ‘बी-वन करा, मित्र आपोआप होतील’, आणि पुढच्या फीची घाई करते आहे. याच शहरात हेच मलाही ऐकवलं होतं. माझ्या शाळेचं नाव लिहीत नाही, कृपया विचारूही नका.

व्याकरण, अ‍ॅप, उच्चार यावर काही सांगत नाही, इतपत आलात म्हणजे ते तुम्हाला येतंच. मला बोलायचंय ते ‘व्होसे’ या सर्वनामाबद्दल. शाळेने सुरुवातीलाच फळ्यावर लिहून दिलं होतं: मित्राला ‘तू’, बाकी सगळ्यांना आदराने ‘व्होसे’. ऐकायच्या ध्वनिफिती बहुतेक ब्राझीलच्या होत्या. तिथे बऱ्याच भागांत ‘व्होसे’ मित्रामित्रांतही चालतं, कोणाला काही वाटत नाही. पोर्तुगालमध्ये मात्र तेच तोंडावर म्हटलं की अनेकांना, त्यातही वयस्कर माणसांना, तुटक किंवा चक्क उर्मट वाटतं. ‘व्होसे’ची जागा तबेल्यात, अशा अर्थाची जुनी म्हणच आहे इथे. आपण मराठी माणसं ते ‘तुम्ही’ समजून वाक्यावाक्यात पेरतो. शेजारच्या आजींना, खालच्या बेकरीतल्या बाईंना मी इमानेइतबारे ‘व्होसे’ करत होते. कोणी काही बोललं नाही, फक्त बोलणं दोन वाक्यांत आटपायचं. पोर्तुगीज लोक थंडच, असं मी कित्येक महिने घरी फोनवर सांगत होते. शेवटी ऑफिसातल्या एका मुलीने जेवताना हळूच कानावर घातलं. शाळेच्या कार्यालयात जाऊन विचारलं तर उत्तर आलं, “परीक्षेत चालतं.”

परीक्षेत चालतं! कायम वास्तव्याला आणि नागरिकत्वाला ए-टू लागतं, लिस्बन विद्यापीठाची ‘सिप्ल’ परीक्षा त्यासाठी चालते, म्हणून गिऱ्हाईक येतं. (नियम बदलत असतात, अधिकृत ठिकाणी स्वतः बघा. मी वकील नाही.) त्यामुळे धडे सगळे डॉक्टर, पोस्ट आणि घरमालक यांच्याशी बोलायचे. कोणाला घरी कसं बोलवायचं, थट्टेला काय उत्तर द्यायचं, कोणाच्या घरी कोणी वारलं तर काय म्हणायचं, यातलं एक अक्षर नाही. मधल्या सुटीत अख्खा वर्ग इंग्रजीत. कागदासाठीच शिकायचं तर सरकारी ‘पोर्तुगेश लिंग्वा द् आकोल्यिमेंतु’ वर्ग फुकट आहेत, ते आधी बघा.

तर ‘व्होसे’ऐवजी काय? बहुतेक वेळा सर्वनाम गाळाच: ‘केर उं काफे?’, म्हणजे कॉफी हवी? नाहीतर समोरच्याचं नाव घेऊन, ते माणूस तिथे नसल्यासारखं बोला. मार्तालाच विचारायचं, ‘आ मार्ता केर उं काफे?’ आपल्याला चमत्कारिक वाटतं, इथे हीच रीत. वयस्कर बाईंना ‘आ सिन्योरा’, किंवा नावाआधी ‘दोना’. मग कधीतरी समोरूनच येतं, ‘पोदेश त्रातार-म पुर तू’, म्हणजे आता अरे-तुरे कर. त्यानंतर पुन्हा अहो-जाहोवर जाऊ नका, रागावलात असा अर्थ निघतो. समवयस्क तरुणांशी सरळ ‘तू’ने सुरुवात केली तरी चालतं, निदान माझ्या ओळखीत तरी.

‘अमिगु’, म्हणजे मित्र, हा शब्दही जपून वापरा. ऑफिसातला तो ‘कोलेगा’, नुसत्या ओळखीचा तो ‘कोन्येसिदु’. कोणाशी छान जमतंय एवढंच सांगायचं तर ‘दो-म बें कों एला’ म्हणा. आणि ‘तेमुश द् कोंबिनार उं काफे’, एकदा कॉफीचं जमवू या, हे आपल्या ‘या एकदा घरी’ इतकंच खरं असतं. मी तिथल्या तिथे विचारते, ‘पोद् सेर किंता?’, गुरुवारी चालेल? वार नीट पाठ करा हं. ‘सेगुंदा’ म्हणजे दुसरा, पण तो सोमवार, आणि ‘किंता’ पाचवा असून गुरुवार. यात जेवणाची आमंत्रणं हुकलेली माणसं मला माहीत आहेत.

आता मित्र कुठे मिळतात? माझं मत टोकाचं वाटेल, पण बारमधल्या ‘भाषा देवाणघेवाण’ संध्याकाळी सोडून द्या. तिथे सगळे परदेशी असतात आणि दर आठवड्याला नवे. तुमच्या भागातल्या ‘जुंता द् फ्रेगेझिया’मध्ये, म्हणजे वस्तीच्या स्थानिक सरकारी कार्यालयात, जाऊन विचारा: हौशी गायनवृंद, चालायचा गट, वस्तीतलं एखादं मंडळ. जिथे भाषा शिकायला कोणी आलेलं नाही आणि दर आठवड्याला तीच माणसं असतात, असं काहीतरी. मी गायनवृंदात गेले. गळा यथातथाच, पण एकच ओळ पन्नासदा म्हटल्यावर गिळलेले स्वर कानाला कळू लागतात. तालमीनंतर फीनु (लिस्बनला याच बिअरला ‘इंपेरियाल’ म्हणतात) आणि त्रेमोसुश, म्हणजे खारवलेले पिवळे दाणे. शाकाहारी असाल तर हे दाणे लक्षात ठेवा. काल्दु व्हेर्द् सूप हिरवंगार दिसलं तरी त्यात सॉसेजची चकती असते. तिथल्या मंडळींच्या तोंडी ‘व्ह’चा ‘ब’ होतो, ‘व्हिन्यु’चं (वाइन) ‘बिन्यु’. घाबरू नका, ही उत्तरेची बोली. 23 जूनच्या रात्री साँव जुआंवच्या सणाला अनोळखी माणसं प्लास्टिकच्या हातोड्या डोक्यात घालतात, मजा येते, पण त्या गर्दीत ओळख पुढे सरकेल अशी आशा धरू नका.

लोक इंग्रजीवर गेले तर रुसू नका. इथे टीव्हीवर परदेशी सिनेमे डब न करता उपशीर्षकांसह दाखवतात, त्यामुळे इंग्रजी त्यांच्या कानात लहानपणापासून असतं. तुम्ही आपलं पोर्तुगीजमध्येच बोलत राहा, चारपाच वाक्यांनी बहुतेक परत वळतात.

आणि फी भरायचीच असेल तर आधी एका वर्गात बसून बघू द्या म्हणावं. मी मधूनच सोडताना उरलेले पैसे मागितले तेव्हा नियम दाखवले गेले. मग ‘लिव्रु द् रेक्लामासोंयश’ मागितलं. हे तक्रारपुस्तक इथल्या व्यवसायांना ठेवावंच लागतं, ऑनलाइनही आहे, आणि 15 कामकाजी दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पुस्तक काउंटरवर येईपर्यंत व्यवस्थापक बाईंनी खुर्ची पुढे केली होती. अर्धे पैसे आले. बाकीच्या अर्ध्यांवर मी पाणी सोडलं.