वाचकांचे प्रश्न : लक्सरच्या पश्चिम तीरावरची राजमंदिरे

प्रश्न (नाशिक) : डिसेंबरमध्ये इजिप्तमध्ये लक्सरला एकच दिवस मोकळा मिळतोय. राजांच्या दरीतली थडगी सहलीत आहेतच. त्याशिवाय मेदिनेत हाबू आणि रामेसियम ही दोन्ही मंदिरे पाहून होतील का? आधी कोणते पाहावे?

उत्तर : दोन्ही निवांत होतात, फक्त क्रम उन्हावर ठरवा. या मंदिरांच्या भिंतींवरची कोरीवकामे दगडात आत खोदलेली आहेत. ऊन भिंतीला घासून तिरपे आले की कडांच्या सावल्या पडतात आणि चित्र उठून दिसते. डोक्यावरच्या उन्हात तीच भिंत सपाट वाटते.

सकाळी उघडताच मेदिनेत हाबू गाठा. आत घाईने शिरण्याआधी उजवीकडून बाहेरच्या लांब भिंतीला वळसा घाला. तिथे तिसऱ्या रामसेसने समुद्रमार्गे आलेल्या टोळ्यांशी केलेली लढाई कोरली आहे. या भिंतीला तिरपे ऊन फक्त सकाळी मिळते. हिवाळ्यात नऊ-साडेनऊनंतर ती सावलीत जाते. मग आत या. दुसऱ्या अंगणात शत्रूंच्या तोडलेल्या हातांचे ढीग आणि ते मोजून लिहून घेणारे कारकून आहेत. त्याच अंगणाच्या ओवऱ्यांत मान वर करायला विसरू नका, छतावरचे निळे आणि तांबडे रंग अजून टिकून आहेत. इथे दोन तास ठेवा.

दुपारी जेवण आणि देर अल-मदिना हे थडगी खोदणाऱ्या कारागिरांचे गाव. रामेसियम तीननंतर. हे दुसऱ्या रामसेसचे मंदिर. त्याने लढलेल्या कादेशच्या लढाईची दृश्ये तिथल्या दोन्ही प्रवेशमनोऱ्यांच्या मागच्या, म्हणजे डोंगराकडच्या अंगावर आहेत आणि तिकडे ऊन दुपार कलल्यावरच येते. टॅक्सीवाला त्याच्या सोयीचा क्रम सुचवेल; बसण्यापूर्वीच आपला क्रम आणि थांबण्याचा वेळ ठरवून घ्या. बंद होण्याची वेळ आदल्या दिवशी विचारून ठेवलेली बरी, ती ऋतूनुसार बदलते.

नेहमी फसते ते तिकिटावर. या दोन्ही मंदिरांची तिकिटे त्यांच्या दारात मिळत नाहीत. मेम्नॉनचे दोन महापुतळे ओलांडून थोडे पुढे गेलात की मध्यवर्ती तिकीटघर लागते, तिथेच सगळी घ्या. प्रत्येक ठिकाणाचे तिकीट वेगळे. बहुतेक खिडक्यांवर आता कार्डच चालते, तेव्हा परदेशात चालणारे कार्ड हवे. रोख मात्र सुट्या नोटांत जवळ ठेवा, ‘बक्षिशी’साठी. रखवालदार दोरीपलीकडचे काही खास दाखवायला बोलावतो. जायचे नसेल तर हसून ‘ला, शुक्रन’ (नको, धन्यवाद) म्हणावे आणि चालत राहावे.

प्रश्न (ठाणे) : दुसऱ्या रामसेसला रामेसियममध्येच पुरले होते का?

उत्तर : नाही. त्याचे थडगे राजांच्या दरीत आहे, क्रमांक ७. चोरांच्या भीतीने पुरोहितांनी ममी पुढे हलवली. 1881 मध्ये ती देर अल-बहारीच्या गुप्त खड्ड्यात सापडली आणि आता कैरोच्या राष्ट्रीय इजिप्शियन संस्कृती संग्रहालयात आहे. मंदिर होते ते राजाची पूजा आणि रोजचा नैवेद्य अखंड चालू राहावा म्हणून, आणि ती पूजा राजा हयात असतानाच सुरू होई.

प्रश्न (बेळगाव) : फोटोंत रामेसियमचे दगडी मनोरे ढासळलेले दिसतात, पण मागच्या मातीच्या विटांच्या कमानी उभ्या आहेत. असे उलटे कसे?

उत्तर : दगडी भाग नाईलच्या बाजूला, पूर पोहोचेल अशा जमिनीवर येतो. दरवर्षीच्या पुराने पाया भिजून खचत गेला, त्यात भूकंप आणि नंतरच्या लोकांनी आयते चिरे काढून नेणे. त्या विटांच्या कमानी म्हणजे मंदिराची धान्यकोठारे; ती मागे, उंच आणि कोरड्या जागी आहेत. पुष्कळ विटाही गेल्याच, शेतकऱ्यांनी जुनी माती खत म्हणून उपसली. तरी जे उरले ते थक्क करणारे आहे.

त्या कमानी जवळून पाहा. विटा आडव्या रचलेल्या नाहीत. कोठाराच्या टोकाच्या भिंतीला टेकवून एकेक कमान तिरकी चढवली आहे. प्रत्येक नवी रांग आधीच्या रांगेवर रेलते, म्हणून खालून लाकडी आधार लागत नाही. लाकडाचा तुटवडा असलेल्या देशात ही युक्ती लाखमोलाची. अशा कोठारांतल्या धान्यावरच थडगी खोदणाऱ्यांचे पगार भागत. साध्या कारागिराला महिन्याला साडेपाच खार, म्हणजे सुमारे 400 लिटर गहू-जव मिळत. तिसऱ्या रामसेसच्या राजवटीच्या 29व्या वर्षी हे धान्य थकले तेव्हा कारागीर काम टाकून या मंदिरांपाशी येऊन बसले. नोंद असलेला जगातला सर्वांत जुना संप म्हणून त्याचे नाव घेतात. माझ्या मते रामेसियममध्ये पडलेल्या महापुतळ्याइतकाच वेळ या कोठारांना द्यावा. पुतळा अर्थात चुकवू नयेच : अस्वानहून आणलेला एकसंध ग्रॅनाइट, वजनाचा अंदाज हजार टनांच्या आसपास.

प्रश्न (पुणे) : भिंतींचा खालचा भाग पांढुरका होऊन पोपडे का सुटतात?

उत्तर : ते मीठ आहे. 1970 मध्ये अस्वानचे मोठे धरण पुरे झाल्यावर शेतीला बारमाही पाणी मिळू लागले. मंदिरांलगत उसाची शेते आली, भूजल वर चढले. सच्छिद्र वालुकाश्म ते शोषतो, पाणी पृष्ठभागावर उडून जाते, क्षार आत स्फटिक होऊन फुगतात आणि कोरीव पापुद्रा सुटतो. पाण्याची पातळी उतरवायला पंप बसवले आहेत. तुम्ही एवढेच करा : पोपडे सुटलेल्या भागाला बोट लावू नका, पाठही टेकू नका.

प्रश्न (मडगाव) : आईचे गुडघे दुखतात. तिला जमेल का?

उत्तर : मेदिनेत हाबू जमेल, फरशी रुंद आणि बरीचशी सपाट आहे, उंबऱ्यांपाशी हात द्या. रामेसियममध्ये वाळू आणि फुटके चिरे आहेत, तिथे काठी हवी. फेरीबोटीच्या फळीवरून चढ-उतार नको वाटत असेल तर शहराच्या दक्षिणेकडच्या पुलावरून गाडीने या. वळसा मोठा, पण गाडी दारापर्यंत जाते. सावली फारशी नाही, म्हणून छत्री आणि माणशी दोन लिटर पाणी घ्या.