चाल सापडत नाही तेव्हा

प्रश्न : मी भजनात पेटी वाजवतो. पाश्चात्त्य नवसंगीत मोबाइलवर ऐकलं. ना चाल, ना ठेका. सुरुवात कुठून करू? – एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : दादा, चाल शोधू नका, नाद ऐका. फ्रेंच संगीतकार जेरार ग्रिझे यांची १९७५ची 'पार्सिएल' ही रचना लावा. ट्रॉम्बोन या पितळी फुंकवाद्याच्या खर्जातल्या एका सुरात दडलेले उपस्वर, म्हणजे मूळ सुरासोबत मंद वाजणारे वरचे सूर, शोधून त्यांनी ते १८ वादकांत वाटून दिले. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून गंधार आपसूक ऐकू येतो ना? इथे तो अख्ख्या वाद्यवृंदातून उमलतो. पुढे नाद खरखरीत होत जातो. तिथे उठू नका, मला तर तोच भाग सर्वांत आवडतो! मग हंगेरियन-ऑस्ट्रियन संगीतकार लिगेटी यांची १९६१ची 'अ‍ॅटमॉस्फिअर्स', जेमतेम नऊ मिनिटांची. तिच्यात ठेका मुद्दामच पुसलाय. मोबाइलच्या स्पीकरवर खर्ज मरतो, हेडफोन लावाच.