आधी कात्री, मग नाव

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं, फोटोही पाहिले. निळा कुर्ता मला मनापासून आवडला, हे आधी सांगून टाकते. परीक्षकांनी 'फारच प्लेन आहे' म्हटल्याचं तुला लागलंय, ते तुझ्या अक्षरावरूनसुद्धा कळतंय. शेजारच्या टेबलावर जरदोसीचा लेहंगा, त्याच्यापुढे तुझा एकरंगी कुर्ता. टाळ्या कुठे पडणार हे ठरलेलंच होतं. त्यात आता हा प्रश्न: कर्ज काढून फॅशनच्या मास्टर्सला परदेशी जावं, की सॅम्पलिंग रूममधली, म्हणजे कंपनीत कपड्याचे पहिले नमुने शिवून पाहतात तिथली नोकरी धरावी, जिथे निदान दोन वर्षं तरी तुझं नाव कुठल्याही कपड्यावर लागणार नाही?

माझं मत नोकरीच्या बाजूने आहे. पण नुसतं 'घे' म्हटलं तर तू ऐकायची नाहीस. म्हणून तुला एका बाईंची वाटचाल सांगते. जीन म्यूर, ब्रिटिश फॅशन डिझायनर. साठच्या दशकातलं लंडन म्हटलं की आपल्याकडे मेरी क्वांट आणि मिनीस्कर्ट शिकवतात, कार्नबी स्ट्रीटचे भडक फोटो दाखवतात आणि धडा संपतो. त्याच शहरात, त्याच वर्षांत म्यूरबाई जर्सी या विणलेल्या, मऊ कापडाचे एकरंगी, शांत कपडे करत होत्या आणि पुढची तीस वर्षं तेच करत राहिल्या.

त्यांचा जन्म 1928 मधला, लंडनचा, वाढल्या बेडफर्डला. शिवणटिपण, विणकाम लहानपणीच हाताला लागलेलं. सतराव्या वर्षी शाळा सुटली, मग काही काळ कचेऱ्यांमधून कारकुनी. फॅशनच्या कॉलेजात जाऊन त्यांनी पदवी घेतली नाही. 1950 मध्ये त्या लंडनच्या लिबर्टी या मोठ्या दुकानात लागल्या, त्याही मालखान्यात. नीट वाच: मालखान्यात. तिथून अंतर्वस्त्रांच्या काउंटरवर विक्रीला आणि मग गिऱ्हाइकाच्या मापाने कपडे शिवून देणाऱ्या विभागात स्केचेस काढायला. लिबर्टी म्हणजे कापडासाठी नावाजलेलं दुकान. ताके उतरवायचे, मोजायचे, घडी घालून परत लावायचे, या कामात हाताला जे कळतं ते वर्गात बसून कळत नाही. कुठलं कापड जड पडतं, कुठलं घडीवर मोडतं, कुठलं चार दिवस टांगलं की खाली ओघळतं. माझी खात्री आहे की त्यांच्या पुढच्या कामाची निम्मी तयारी त्या मालखान्यात झाली.

1956 मध्ये त्या येगर या कंपनीत डिझायनर झाल्या. लोकरी आणि विणलेल्या कपड्यांसाठी तिचं नाव होतं. तिथे काही वर्षं काढली. 1962 मध्ये 'जेन अँड जेन' हे लेबल सुरू झालं. कपडे त्यांचे, पण लेबलवर त्यांचं नाव नाही. या लेबलखाली केलेल्या त्यांच्या ड्रेसची 1964 मध्ये 'ड्रेस ऑफ द इयर' म्हणून निवड झाली. पुढे 1968 आणि 1979 मध्येही हा मान त्यांना मिळाला. आणि 1966 मध्ये नवऱ्याच्या, हॅरी ल्यूकर्ट यांच्या साथीने त्यांनी स्वतःच्या नावाची कंपनी काढली. तेव्हा त्या अडतीस वर्षांच्या होत्या. मालखान्यापासून स्वतःच्या नावापर्यंत सोळा वर्षं गेली. तू बावीस-तेवीसची आहेस आणि दोन वर्षांना घाबरतेयस.

आता कामाकडे येते, कारण खरी गोष्ट तिथे आहे. म्यूरबाईंचं आवडतं कापड म्हणजे मॅट जर्सी. आपल्याकडे होजिअरी म्हणतात त्याच जातीचं, विणलेलं, पण बिनचमकीचं आणि अंगावरून सुळकन खाली उतरणारं. दिसायला किती सोपं! एकदा कापून बघ. कात्री लागली की कडा गुंडाळायला लागतात. टेबलावर पसरताना जरा ओढलं गेलं तर कापलेला तुकडा उचलल्यावर आखडतो आणि माप गेलं. टीप मारताना मशीनच्या पायाखाली वरचा थर पुढे सरकतो, खालचा मागे राहतो. ड्रेस पूर्ण झाल्यावर सगळं वजन खांद्यावर येतं, म्हणून खांद्याची शिवण ताणली जाऊ नये याची तजवीज आधीच करावी लागते. घेर असेल तर तो रात्रभर टांगून ठेवायचा आणि मगच खालची दुमड घ्यायची, नाहीतर आठवड्याभरात तो एका बाजूने लोंबणार.

असल्या कापडावर बाईंनी बारीक टकांच्या, म्हणजे शिवून घेतलेल्या चुण्यांच्या, ओळी घातल्या, एकाला एक समांतर. कॉलरला, कफला कडेने टीप दिली, ती अशी सरळ की तीच त्या कपड्याची नक्षी व्हावी. सुती कापडावर अशी टीप कुणीही चांगला कारागीर मारील. जर्सीवर ती लाटेसारखी वर-खाली होते, कारण कापड ताणलं जातं. ती सरळ राखायची म्हणजे टाक्याची लांबी, दोऱ्याचा ताण, पायाचा दाब, सगळं त्या कापडापुरतं बसवून घ्यावं लागतं. मुंढा, म्हणजे बाही जोडतात ती काखेची गोलाई, आणि बाही यांचा कट असा की बाईमाणूस हात वर करून कपाटातलं काही काढायला गेली तरी अख्खा ड्रेस वर चढू नये. माणूस चालतं, बसतं, वाकतं, हे गृहीत धरून कापलेले कपडे आहेत ते.

दुसरं त्यांचं लाडकं साहित्य म्हणजे स्वेड, चामड्याची मखमली बाजू. तू अजून त्यावर काम केलेलं नाहीस, म्हणून थोडं सांगते. कापडाचा ताका हवा तितका लांब मिळतो. चामडं जनावराएवढंच असतं. मोठा झगा एका तुकड्यात निघूच शकत नाही. जोड येणारच. म्हणून जोड कुठे येईल हे आधी ठरवून त्यालाच कपड्याचा घाट करायचा. शिवाय सुई एकदा गेली की भोक कायमचं. उसवून पुन्हा शिवायची सोय नाही, टाचण्या लावता येत नाहीत. दोन कातडी शेजारी ठेवली तर रंगाची छटा वेगळी, आणि मऊपणही पोटाकडे वेगळं, पाठीकडे वेगळं. म्हणजे काय, मांजरपाटावर सगळे प्रयोग करून झाल्याशिवाय स्वेडला हात लावता येत नाही. म्यूरबाईंनी या साहित्यातून कापडासारखे अंगावर पडणारे कपडे केले.

आणि साधं म्हणजे बिनरंगी, असं मात्र समजू नकोस. त्या स्वतः आयुष्यभर नेव्ही ब्लू वापरत. काळेभोर आखूड केस, पांढराफटक चेहरा, गडद लिपस्टिक आणि नेव्ही, अशीच त्यांची ओळख होती. पण त्यांच्या जर्सीतले रंग पाहशील तर थक्क होशील. बटणं, बकलं यांच्यासाठी त्या कारागिरांना गाठून खास वस्तू बनवून घेत. एका ड्रेसवर लक्ष वेधून घेणारी एकच गोष्ट, आणि ती अस्सल. तुझ्या कुर्त्यावर तू बाजारातली प्लास्टिकची बटणं लावलीस. इतक्या चांगल्या कापडावर ती मला बघवली नाहीत.

आता तुझ्या कुर्त्याबद्दल. राग मानू नकोस. परीक्षकांनी 'प्लेन' म्हटलं, तो शब्द चुकीचा होता; पण त्यांना काहीतरी खटकलं होतं आणि ते मलाही फोटोत दिसलं. डाव्या काखेतून छातीच्या दिशेने एक तिरपी चुणी पडलीय. दुसऱ्या फोटोत, मॉडेल सरळ उभी असतानाही ती आहे. तुला समोर छातीचा टक, म्हणजे उभाराला जागा देणारी निमुळती शिवण, नको होता, रेष स्वच्छ ठेवायची होती, म्हणून तू तो काढून टाकलास. पण टक काढला म्हणून शरीराचा उभार कुठे जात नाही. त्याला लागणारी जागा कुठून तरी द्यावीच लागते. ती तू दिली नाहीस, म्हणून कापडाने मुंढ्यातून ओढून घेतली. शेजारच्या लेहंग्याच्या चोळीतही असा झोल असेल कदाचित. पण त्यावर इतकं जरीकाम आहे की तो कुणाला दिसणार? तुझ्या कुर्त्यावर दुसरं पाहायला काहीच नव्हतं.

म्यूरबाई काय करत? ती जागा कुठल्या तरी शिवणीत मुरवत, नाहीतर खांद्याच्या चुण्यांत किंवा त्या बारीक टकांमध्ये सोडत. पाहणाऱ्याला वाटतं ओळी शोभेच्या आहेत. खरं तर छातीला लागणारी जागा त्या ओळी संपतात तिथे मोकळी झालेली असते. तूही पॅनेलच्या शिवणीत ती मुरवू शकतेस. पॅटर्नच्या, म्हणजे कपडा कापायच्या नमुन्याच्या, कागदावर छातीचा टक बंद करून दुसरीकडे उघडायचा, एवढंच आहे. तुम्हाला पहिल्या वर्षी शिकवलंय, पण परीक्षेपुरतं.

म्हणून म्हणते, सॅम्पलिंग रूम. तिथे एकेका स्टाइलचे तीन-तीन, चार-चार सॅम्पल पडतात. प्रत्येक वेळी बायरचे शेरे येतात: खांदा अर्धा सेंटिमीटर आत, मुंढा खाली, गळा उघडा पडतोय. कटिंग करणारा मास्टर त्या पॅटर्नवर पेन्सिल चालवतो आणि तासाभरात बदललेला कपडा डमीवर चढतो. चूक आणि तिचं कारण एकाच दिवसात समोर. एवढी दुरुस्ती पाहायला मिळण्यासाठी कुठल्याही विद्यापीठाला फी भरून भागणार नाही. तू ज्या मास्टरांच्या हाताखाली जाशील त्यांना कदाचित तुझं स्केचबुक पाहायची इच्छा नसेल. दाखवूही नकोस. त्यांच्या शेजारी उभी राहा, खडू हातात दे, कापड पसरायला लाग. ओव्हरलॉकवाल्या बायकांशी ओळख कर. कुठलं कापड मशीनवर छळतं हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं. म्यूरबाई स्वतःला ड्रेसमेकर म्हणवून घेत. फॅशनला कला म्हटलेलं त्यांना रुचत नसे. हा धंदा आहे, कसब आहे, असं त्या ठामपणे मांडत. तरीही 1972 मध्ये 'रॉयल डिझायनर फॉर इंडस्ट्री' हा मान आणि 1984 मध्ये सीबीई हा ब्रिटिश किताब त्यांच्याकडे चालत आला.

एक धोका सांगून ठेवते. हल्ली रील्समध्ये 'क्वाएट लक्झरी'चं पीक आलंय. बेज शर्ट, बेज पँट, किंमत पाच आकडी. तुझी आवड त्यात ओढली जाईल, लोक तुला म्हणतील, 'अगं, तुझंच तर चाललंय सध्या!' त्यांचं ऐकून घाई करू नकोस. लाट आली की तिच्यासोबत लेबल काढणारे पुष्कळ असतात. ओसरली की त्यांतले बरेचसे झगमगीत कपड्यांकडे वळतात. म्यूरबाईंनी सत्तरचं दशक पाहिलं, ऐंशीच्या दशकातले उशीभर जाड खांदे पाहिले, आणि त्या आपल्या जर्सीला धरून राहिल्या. त्यांच्या गिऱ्हाईक बायका वर्षानुवर्षं तेच ड्रेस वापरत. अभिनेत्री जोआना लम्ली तरुणपणी त्यांच्याकडे हाऊस मॉडेल होती, म्हणजे दिवसचे दिवस उभी राहायची आणि तिच्या अंगावर कपडे बसवले जायचे. पुढे तीच त्यांची गिऱ्हाईक झाली. जिने कपड्याचा प्रत्येक टाका जवळून पाहिलाय तिने तो विकत घ्यावा, याहून मोठी पावती मला तरी ठाऊक नाही.

1995 च्या मे महिन्यात कर्करोगाने त्या गेल्या. आजार त्यांनी फारसा कुणाला कळू दिला नव्हता, काम चालूच होतं. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या माणसांनी पुढे बारा वर्षं, 2007 पर्यंत, कंपनी चालवली. पद्धत कागदावर, नमुन्यांत आणि माणसांच्या हातात उतरलेली होती, म्हणूनच हे जमलं. त्यांचा संग्रह आता एडिनबरोला स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाकडे आहे. तयार कपड्यांबरोबर स्केचेस आणि कच्चे नमुनेही. तुला पुढे कधी मास्टर्सला तिकडे जावंसं वाटलं, आणि तीन-चार वर्षांनी जरूर वाटू दे, तर तो संग्रह पाहायला जा. आत्ता गेलीस तर सुंदर ड्रेस बघून येशील. तेव्हा जाशील तर खांद्याची शिवण कुठे सरकवलीय आणि का, हे तुझं तुला दिसेल. कर्जही स्वतःच्या पगारातून फेडायची हिंमत आलेली असेल, घरच्यांच्या डोक्यावर टाकावं लागणार नाही.

घरी मात्र मोकळेपणाने बोल. आईला वाटतंय की एवढं शिकून मुलगी टेलरच्या हाताखाली जाणार. पत्रात तू लिहिलं नाहीस, पण मी ओळखलं. तिला एकदा त्या सॅम्पलिंग रूममध्ये घेऊन जा. चाळीस माणसं पाव इंचाच्या फरकावरून कशी वाद घालतात हे पाहिलं की तिचं मत बदलेल असं मला वाटतं.

तेव्हा सोमवारी त्यांना होकार कळव. मर्चंडायझिंगची, म्हणजे ऑर्डरी सांभाळायची, जागा देऊ केली, पगार थोडा जास्त सांगितला, तरी पॅटर्न आणि कटिंगच माग. स्वतःची कात्री घेऊन जा, आणि ती कागदावर कुणाला चालवू देऊ नकोस. निळ्या कुर्त्याचा पॅटर्न मला कुरियरने पाठव, कपडा नको, नुसता कागद. पुढचा भाग आणि बाही दोन्ही. मुंढ्यावर खुणा करून आठवड्याभरात परत पाठवते. मग मांजरपाटावर एकदा शिवून बघ आणि अंगावर घालून, हात वर करून काढलेला फोटो धाड.

तुझी,
ताई